चिठ्ठ्यांचा सोमवार

सकाळी साडेपाच

जुलै संपत आलाय. रात्रभर पाऊस झाला की बूढा तालाबच्या कडेने फिरायला येणारी मंडळी कमी होतात. तलावाचं कागदावरचं नाव विवेकानंद सरोवर. 1877 साली चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, वडिलांच्या कामामुळे कलकत्त्याहून रायपूरला आला आणि कुटुंबासह याच बूढापाऱ्यात सुमारे दोन वर्षं राहिला. त्याच्या इयत्तेची शाळा तेव्हा इथे नव्हती, म्हणून वडिलांनी, विश्वनाथ दत्तांनी, त्याला घरीच शिकवलं. चरित्रकार लिहितात की बापलेकांच्या चर्चा तासन् तास चालत. बुद्धिबळ तो इथेच शिकला आणि स्वयंपाकाची गोडीही वडिलांकडूनच लागली. लोक विवेकानंदांच्या पुतळ्यासमोर फोटो काढतात. मला इथून जाताना विश्वनाथबाबू आठवतात. चौदाव्या वर्षी मुलाच्या अंगात आणि डोक्यात काय उलथापालथ चाललेली असते ते मी वर्गात रोज बघते. त्या वयात समोर बसून बोलणारं, ऐकून घेणारं मोठं माणूस मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना ते मिळत नाही.

मी एका कॅथलिक शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्याशिवाय आरोग्य आणि जीवनकौशल्यांचा तास माझ्याकडे आहे. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेने दोन शिक्षक नेमायचे असतात, एक बाई आणि एक पुरुष. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आला. त्यात अकरा विषय आहेत: वाढतं वय, मनाचं आरोग्य, नातेसंबंध, मुलगा-मुलगी समानता, आहार, व्यसनं, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही, हिंसेपासून संरक्षण, इंटरनेटचा वापर वगैरे. कागदावर उत्तम आहे. आमच्या शाळेत त्याला आठवड्याला एक तास मिळतो, तोही चाळीस मिनिटांचा.

पावणेसात

डबा सासूबाईंनी भरून ठेवलेला असतो. स्कूटर काढून सप्रे शाळेवरून कालीबाडीकडे निघते. ही शाळा ज्या माधवराव सप्र्यांच्या नावाची, ते घरचे मराठी आणि छत्तीसगडातल्या हिंदी पत्रकारितेचे आद्य पुरुष. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं त्यांनीच, आणि रायपुरात मुलींसाठी शाळाही काढली. पुढे दानी कन्या शाळेच्या मुली छत्र्या सावरत घोळक्याने चाललेल्या असतात.

आमच्या शाळेच्या रस्त्यावर वळलं की कोपऱ्यावर एक ठेला लागतो. चहा, बिस्किटं, आणि फळीखाली गुडाखूच्या डब्या. महाराष्ट्रातल्या वाचकाने मशेरी आठवावी, पण ही ओली असते. तंबाखू आणि गुळाचा काळपट, चिकट लगदा. बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायचा. छत्तीसगडात घरोघरी बायका-पुरुष सकाळी हे करतात, आणि "पेट साफ होता है" या समजुतीने मुलांनाही त्याची चव लागते. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे, अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेच विकता येत नाहीत. मी स्कूटर थांबवते. ठेलेवाल्याला दर वेळी तेच सांगते, "भैया, बच्चों को मत दीजिए." तो मान डोलावतो. डब्या आज मागच्या बाजूला सरकवलेल्या दिसल्या. या लढाईत एवढं तरी मिळालं.

साडेसात

प्रार्थना. मैदान ओलं म्हणून आज व्हरांड्यात. आधी सगळ्यांना म्हणता येईल अशी प्रार्थना, मग संविधानाची उद्देशिका. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2024 मध्ये आपल्या शाळांसाठी सूचना काढल्या: उद्देशिका रोज म्हणावी, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत. इथली निम्म्याहून अधिक मुलं हिंदू आहेत, काही मुस्लिम, काही शीख. कॅथलिक मुलांत बरीच जशपूरकडची उरांव, घरी कुडुख नाहीतर सादरी बोलणारी. ती वसतिगृहात राहतात. आईपासून इतक्या लांब राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला अंगात होणारे बदल कोण समजावणार? हा प्रश्न शाळेचा आहे आणि शाळेने तो आपला मानला, याचं मला समाधान आहे.

आठ ते सव्वानऊ

नववी आणि दहावी, पेशी आणि पचन. यात लिहिण्यासारखं वेगळं काही नाही.

सव्वानऊ

आठवी ब, आरोग्याचा तास. या तासासाठी मी बुटाचा खोका ठेवलाय, झाकणाला चीर पाडलेला. शुक्रवारी तो वर्गाच्या मागच्या कपाटावर ठेवायचा आणि सोमवारी उघडायचा. नाव लिहायचं नाही, आणि प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच. ज्याला प्रश्न नाही त्याने कोरा कागद टाकायचा, म्हणजे कुणी काय लिहिलं ते कळत नाही. सगळ्यांना सारख्याच आकाराचे कागद मीच कापून देते, कारण वहीचं पान फाडलं की रेघांवरून मुलं एकमेकांना ओळखतात.

आजच्या चिठ्ठ्या. "आवाज कब ठीक होगा?" "छाती एक तरफ बढ़ रही है, बीमारी है क्या?" या प्रश्नाखाली दोन वेळा रेघ मारलेली. "लड़का रोए तो क्या?" "किसी ने फोटो मांगी है." बस्स, एवढंच, पुढे काहीच नाही. आणि एक चिठ्ठी अगदी बारीक अक्षरात: "सिकलिन वाली लड़की की शादी होती है क्या?"

सिकलिन म्हणजे सिकलसेल. इथे प्रत्येक वर्गात हा शब्द माहीत असलेलं एखादं मूल असतंच. मी फळ्यावर चौकट काढली. आई वाहक, बाप वाहक. दोघेही वरकरणी धडधाकट. प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता बाळाला आजार होण्याची, दोन वाहक होण्याची, एक पूर्ण निरोगी असण्याची. लग्न होतं, संसार होतो, फक्त दोघांनी लग्नाआधी रक्त तपासून घ्यायचं. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे तीनदा सांगितलं. जुलै 2023 मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, पैसे पडत नाहीत. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मैम, इसमें गलती किसकी होती है?" मी म्हटलं, कुणाचीच नाही. वर्गात एवढी शांतता क्वचित होते. ज्या घरांत सुनेला "तूच घेऊन आलीस हे" म्हणतात, त्या घरांतली मुलं या वर्गात आहेत.

छातीच्या चिठ्ठीचं उत्तर मुलग्यांसमोरच दिलं: एक बाजू आधी वाढणं सर्वसाधारण आहे, वयात येताना काही मुलग्यांच्या छातीलाही गाठ लागते, दुखते आणि बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत जिरते. दोन मुलगे एकमेकांकडे बघून सुटल्यासारखे हसले. म्हणूनच या तासाला मुलं-मुली वेगळी करायला माझा विरोध आहे. मुलींना हॉलमध्ये नेऊन पॅडच्या कंपनीचं व्याख्यान आणि मुलग्यांना खेळायला मैदान, ही रीत अनेक शाळांत आहे. त्यातून मुलगा एवढंच शिकतो की हे काहीतरी लपवायचं आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही. काही गोष्टी नंतर वेगळ्या बसून बोलाव्यात, पण आधी एकत्र.

फोटोच्या चिठ्ठीवर मी फक्त एवढं म्हटलं: ज्याने लिहिलंय त्याने किंवा तिने आज कधीही प्रयोगशाळेत यावं, दार उघडं असेल. फोटो मागणारा दोषी, ज्याच्याकडे मागितला तो नाही.

साडेदहा

मधली सुट्टी. दारात सातवीची एक मुलगी, मैत्रिणीने मागून स्वेटर धरलेला. जुलैत स्वेटर कशाला, हे विचारावंच लागत नाही. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात पॅड, दोन-तीन मापांचे स्कर्ट, वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक साबण असतो. कसं लावायचं ते दाखवलं, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठे टाकायचं ते सांगितलं. तिने विचारलं, "मैम, चैपल में जा सकती हूं?" जरूर जा, म्हटलं. मग म्हणाली, "घर में पूजा वाले कमरे में नहीं जाने देंगे." घरच्या रीतीवर मी शाळेत निवाडा देत नाही. हे रक्त घाण नाही, तुझ्याकडून काही चुकलेलं नाही, एवढं मात्र ठामपणे सांगते. आमच्या आजीच्या काळी 'कावळा शिवला' म्हणत आणि पोर कोपऱ्यात बसायची. तिला कुणी काही सांगितलेलं नसायचं, आणि आजच्या मुलीलाही सांगितलेलं नव्हतं.

तिच्या हातावर गूळ-शेंगदाण्याची चिक्की ठेवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्क्यांना रक्तक्षय आढळला, मुलग्यांत 31 टक्क्यांना. सरकारी शाळांत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. आमच्यासारख्या खासगी शाळेतल्या मुलींना ती आपणहून कुणी देत नाही, म्हणून मी घरच्यांना चिठ्ठी लिहिते: हिमोग्लोबिन बघा, 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जा. सिकलसेल असलेल्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका, हेही त्यात असतं.

अकरा

सिस्टर प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये. एका पालकाचं पत्र आलंय: दहावीच्या पुस्तकातला गर्भनिरोधनाचा भाग कॅथलिक शाळेत शिकवला जातो, हे कसं? सिस्टरांनी पत्र माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाल्या, "मिस, पुस्तकात आहे ते पूर्ण शिकवायचं. चर्च काय मानतं ते मी मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगते, माझं मत म्हणून लपवत नाही. पण मुलांना माहितीच नसावी असं मी कधीच म्हणणार नाही."

बाहेरच्यांना वाटतं की कॅथलिक शाळेत या विषयाला कुलूप असणार. पण चर्चच्या भूमिकेत बदल झालेत. 1929 मध्ये पोप अकरावे पायस यांनी तेव्हाच्या लैंगिक शिक्षणाच्या पद्धतींवर कडक टीका केली होती. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक घोषणापत्राने मुलांना वयानुरूप, सकारात्मक आणि विवेकी लैंगिक शिक्षण मिळावं असं म्हटलं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावरच्या पत्रात पुन्हा विचारलं की आपल्या शिक्षणसंस्थांनी हे आव्हान पेललं आहे का. कृत्रिम गर्भनिरोधनाबद्दल चर्चचं मत बदललेलं नाही आणि सिस्टर ते स्पष्ट सांगतात. पण आईबाप हे पहिले शिक्षक, शाळा त्यांच्या मदतीला, ही चर्चची शिकवण मला मनापासून पटते. अडचण एवढीच, की आईबाप ती जागा रिकामी सोडतात आणि मोबाइल ती भरून काढतो.

आणि कुलूप लावण्यात धर्मसंस्था एकट्या नव्हत्या. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या प्रचारापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली. 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यासाठी खटले सोसले. ते कॉलेज मिशनऱ्यांचं होतं, पण खटले भरले ते आपल्याच सनातनी मंडळींनी. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. 2007 मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात या सरकारांनीच बंदी घातली. कर्व्यांच्या महाराष्ट्राने तो रोखावा, याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

पालकाच्या पत्राला उत्तर दोघींनी मिळून लिहिलं. त्यांना वर्गात येऊन बसण्याचं निमंत्रण दिलंय.

बारा

सहावी. 'कोमल' ही चाइल्डलाइनची छोटी ॲनिमेशन फिल्म दाखवते. वर्षातून दोनदा दाखवली तरी मुलं श्वास रोखून बघतात. त्यानंतर शरीराचे खासगी भाग, नाही म्हणणं, तिथून निघणं, सांगणं. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर त्यांच्याकडून म्हणून घेते. "दस, नौ, आठ" असा लक्षात राहतो.

एक गोष्ट मी वर्गाला आधीच सांगते, कारण नंतर सांगितली तर तो विश्वासघात ठरतो. माझ्याकडे येऊन कुणी म्हणालं, "मैम, किसी को मत बताना," तर मी तसं वचन देणार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. "शाळेचं नाव खराब होईल" हे कारण कायद्यात बसत नाही, माझ्या मनात तर मुळीच नाही. पण मुलाला हेही कळायला हवं की पुढे काय होतं. जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय. रात्री त्याला ठाण्यात ठेवता येत नाही. आईबाप किंवा विश्वासातलं माणूस शेजारी बसतं. माझं वचन एवढंच असतं: ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन, तुला आधी सांगून, तुझ्यासमोर, आणि शेवटपर्यंत तुझ्याबरोबर राहीन. हे ऐकूनही मुलं येतात. येतात ती खोटं वचन मिळालं नाही म्हणूनच, असं माझं ठाम मत झालंय.

सव्वा

प्रयोगशाळेचं दार उघडं ठेवून बसले. फोटोच्या चिठ्ठीचं मूल आलं. मुलगा होता. ऑनलाइन गेममध्ये ओळख झालेली 'दीदी', आता धमक्या. फोटो अजून पाठवलेला नाही. काहीही पुसून टाकू नकोस, सगळं तसंच ठेव, म्हटलं. सायबर गुन्ह्यांचा नंबर 1930 आणि तक्रारीचं सरकारी पोर्टल दाखवलं. मग त्याच्या परवानगीने सिस्टरांना आणि घरी कळवलं. वडिलांना फोन लावताना त्याचे हात थरथरत होते. वडील म्हणाले, "मैं आता हूं." अर्ध्या तासात आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला काही बोलावंच लागलं नाही.

दोन

स्टाफ मीटिंग. पुढच्या आठवड्यात युनिट टेस्ट, म्हणून दोन आठवडे आरोग्याचा तास गणिताला. दर वेळी पहिला बळी हाच. आजच्या खोक्यातल्या चिठ्ठ्यांवर नावं नव्हती, म्हणून मी त्या तशाच टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांना वाचायला दिल्या. एकच आठवडा गणिताला गेला. दुसरा राखला.

संध्याकाळी सहा

चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळात मंगळागौरीच्या खेळांची तालीम. फुगड्यांच्या मधे एक जण बाजूला आली. "ताई, माझी सहावीत आहे. आमच्या घरात असले विषय निघत नाहीत हो. आणि लहान आहे अजून." किती वर्षांची, विचारलं. अकरा पूर्ण. म्हटलं, "अगं, बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते, काहींना दहाव्यालाही. आज रात्रीच सांग. अंधारात दोघी शेजारी झोपल्या की बोलणं सोपं जातं." तिने विचारलं, सुरुवात कशी करू? "मला पहिल्यांदा आली तेव्हा मी किती घाबरले होते, असं सांगून कर." ती हसली. "खरंच घाबरले होते हो, ताई."

रात्री नऊ

नोंदवहीत कुणाचं नाव लिहीत नाही, फक्त काय विचारलं गेलं ते. अलीकडे "नींद नहीं आती" आणि "घर में सब लड़ते हैं" वाढलंय. त्या मुलांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर, 14416, दिलाय. फोन लागतो, पैसे पडत नाहीत, बोलायला प्रशिक्षित माणूस असतं.

शनिवारी पालकसभा आहे. तिथे गुणपत्रिकेच्या रांगेत उभ्या असतात त्या बहुतेक आया. वडीलमंडळींना माझी विनंती आहे: या वेळी तुम्हीही या. मार्क विचारून झाले की आरोग्याच्या तासाला काय शिकवतात ते विचारा, तो तास गेल्या महिन्यात खरंच झाला का तेही विचारा. मुलाचं रक्त सिकलसेलसाठी तपासलं नसेल तर तपासून घ्या. आणि त्या रात्री जेवताना मोबाइल बाजूला ठेवून मुलाला एखादा प्रश्न विचारू द्या. उत्तर माहीत नसेल तर शाळेत पाठवा, आम्ही दोन वाजेपर्यंत असतो.